स्की टूरिंगचे बूट: वाढत्या अंगाचे घेऊ नका

जून उजाडला की आई शाळेचे बूट घ्यायला न्यायची. बुटाच्या टोकावर अंगठा दाबून बघायची आणि दुकानदाराला सांगायची, "एक नंबर मोठा द्या, वाढतं अंग आहे." ही सवय माझ्यात इतकी मुरलेली की तिशी उलटल्यावर म्युनिकमध्ये पहिले स्की टूरिंगचे बूट घेतले तेव्हाही मी तेच केलं. पाय २६.५ चा, बूट घेतले २७.५ चे. तेही सेलमध्ये, घरबसल्या, पायात न घालता.

पहिलीच टूर टेगर्नझे तळ्याजवळच्या हिर्शबर्गची. डोंगर सोपा, नवशिक्यांचाच. पण चढताना प्रत्येक पावलाला टाच बुटात वर-खाली होत होती. वर पोचेपर्यंत दोन्ही टाचांवर दोन रुपयांच्या नाण्याएवढे फोड आले होते. उतरताना उलटं झालं: पाय पुढे घसरून बोटं टोकावर आपटत राहिली आणि आठवड्याभरात अंगठ्याची नखं काळी पडली. बूट मोठा असूनही नखं जातात, हे मला तेव्हा नवीन होतं. महिन्याभरात ते बूट निम्म्या किमतीला विकले. पुढचं सगळं त्या फोडांच्या भांडवलावर लिहितो आहे.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. स्की टूरिंगमध्ये लिफ्ट नसते. स्कीच्या तळाला स्किन नावाची केसाळ पट्टी चिकटवायची. ती पुढे सरकते, मागे घसरत नाही. टाच मोकळी ठेवून आपल्या पायांनी चढायचं, वर पोचलं की स्किन काढायची, टाच अडकवायची आणि उतरायचं. हजार मीटर चढायला अडीच-तीन तास लागतात, उतरायला अर्धा-पाऊण तास. म्हणजे त्याच बुटाने आधी चालण्याचा बूट व्हायचं आणि मग घट्ट स्की बूट. पोटरीमागचा लिव्हर हे रूपांतर करतो: वर केला की घोटा मोकळा, खाली दाबला की जखडलेला.

एक अट आधीच सांगतो. पिस्टवर, म्हणजे स्कीसाठी तयार केलेल्या उतारावर, दोन्ही स्की समांतर ठेवून आत्मविश्वासाने वळता येत नसेल, तर अजून बूट विकत घेऊ नका. आणि पिस्टबाहेर जायचं तर हिमस्खलनाचा कोर्स बुटांच्या आधी येतो. पहिले दोन-तीन दिवस भाड्याचे बूट वापरा. भाड्याचा बूट कुठे चावतो ते कागदावर टिपून ठेवा, दुकानात हाच कागद उपयोगी पडतो.

पाय मोजा, तोही संध्याकाळी

दिवसभर चालून पाय थोडे सुजतात, म्हणून मोजमाप संध्याकाळी घ्या. भिंतीला टाच टेकवून कोऱ्या कागदावर उभं राहा, पूर्ण वजन पायावर टाका आणि सर्वांत लांब बोटापुढे खूण करा. भिंतीपासून खुणेपर्यंत जितके सेंटिमीटर, तो तुमचा नंबर. याला मोंडोपॉइंट म्हणतात. पाय २६.५ सेंटिमीटर लांब म्हणजे नंबर २६.५, इतकं सरळ. रोजच्या बुटांचा नंबर विसरून जा, त्याचा इथे काही संबंध नाही. दोन्ही पाय मोजा. थोडाफार फरक असतोच, मोठा पाय धरायचा.

आता गंमत अशी की अर्धा नंबर बहुतेक वेळा कागदावरच असतो. बाहेरचं कडक कवच, म्हणजे शेल, दोन अर्ध्या नंबरांना मिळून एकच असतं. फरक आतल्या मऊ अस्तराचा, म्हणजे लायनरचा, किंवा तळपट्टीचा. खात्री करायची असेल तर शेलच्या बाजूला, टाचेजवळ मिलिमीटरमध्ये कोरलेला आकडा बघा. ती बुटाच्या तळाची लांबी. दोन नंबरांवर आकडा एकच असेल तर शेलही एकच. "अर्धा नंबर मोठा देऊ का?" असं विक्रेता म्हणाला की आधी हा आकडा वाचा.

शेलमध्ये नुसता पाय

ही पायरी जवळजवळ सगळे नवखे गाळतात. बुटातून लायनर बाहेर काढा आणि पातळ मोजा घालून नुसत्या शेलमध्ये पाय घाला. बोटं पुढे हलकेच टेकू द्या, गुडघा थोडा वाकवा. आता टाच आणि शेलच्या मागच्या भिंतीमध्ये किती जागा उरते ते पाहायचं. दीड सेंटिमीटरच्या आसपास असेल तर उत्तम. एका सेंटिमीटरपेक्षा कमी म्हणजे फार घट्ट, शर्यतवाल्यांचं काम. दोनच्या पुढे गेलं की बूट मोठा, मग लायनर घातल्यावर तो कितीही मऊमऊ आणि प्रेमळ वाटो.

दुसऱ्या वेळी मी दुकानात जाऊन बूट घेतले. तिथे एक आजोबा होते. त्यांच्याकडे अंगठ्याएवढ्या जाडीची एक लाकडी कांडी होती, हाताळून हाताळून काळपट झालेली. ती त्यांनी माझ्या टाचेमागे सरकवली, आत-बाहेर हलवून पाहिली आणि काही न बोलता एक नंबर लहान बूट आणायला आत गेले. मी घालून आलेल्या २७.५ मध्ये ती कांडी नुसती खडखडत होती.

लायनरसह उभे राहा, आणि उभेच राहा

लायनर परत घाला, मोजा एकच आणि पातळ. दोन जाड मोजे घालून बूट भरून काढणं हा आपला घरगुती उपाय, पण त्यात पाय घसरतो, घाम साठतो आणि शेवटी थंडीच वाजते. खुर्चीत बसून टाच जमिनीवर दोनदा आपटा म्हणजे ती मागे नीट बसेल. आधी घोट्यावरचं बकल लावा, मग बाकीची. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे टेकायला हवीत. गुडघे वाकवून नडगी बुटाच्या जिभेवर दाबली की बोटं किंचित मागे सुटायला हवीत. इथे नवखा घाबरतो आणि म्हणतो, "टेकतायत, लहान आहे." नाही, बरोबर आहे. टेकणं वेगळं, मुडपणं वेगळं. बोटं वाकडी होत असतील तरच लहान.

मग किमान अर्धा तास दुकानात फिरा. लिव्हर वर करून चाला, जिना असेल तर चढा-उतरा. टूरिंगच्या बुटात मी एकाच गोष्टीला माफ करत नाही: टाच उचलली जाणं. ती लायनरच्या आत जराही वर सरकत असेल तर मोकळ्या मनाने बूट परत करा. बोटांना जागा करून देता येते, सैल टाच आवळणं महाकठीण.

इथे आपल्या पायांबद्दल थोडं. चपलांत आणि अनवाणी वाढलेले आपले पाय चवड्याला पसरट आणि टाचेला अरुंद असतात, निदान माझा आणि माझ्या ओळखीच्या अर्ध्या मराठी मंडळींचा अनुभव हाच. बुटांच्या माहितीत रुंदीचा आकडा असतो, ९८ पासून १०३-१०४ मिलिमीटरपर्यंत. हा आकडा चवड्याचा, आणि तोही एका ठरावीक नंबरच्या बुटावर मोजलेला. चवडा दुखतो म्हणून आपण थेट १०३ वर जातो आणि मग टाच डोलायला लागते. त्यापेक्षा टाच आणि पायाचा उंचवटा घट्ट धरणारं शेल घ्या आणि करंगळीजवळ जिथे दाबतं तिथे बूटफिटरकडून जागा करून घ्या. तो प्लॅस्टिक गरम करतो आणि आतून दाब देऊन काही मिलिमीटर बाहेर फुगवतो. घोट्याचं हाड, करंगळीचं मूळ, टाचेमागची गाठ ही नेहमीची गिऱ्हाइकं.

कोल्हापुरी आणि या बुटात हाच फरक. नवी कोल्हापुरी चावते, आपण तेल लावतो, आठवड्याभरात ती पायाला रुळते. प्लॅस्टिकचं शेल रुळत नाही. आज जिथे चावतं तिथे ते पाच वर्षांनीही चावेल. रुळतो तो लायनर, आणि तोही एकाच दिशेने: दहा-पंधरा दिवस वापरल्यावर फोम दबतो आणि बूट सैल होतो. म्हणूनच पहिल्या दिवशी छान ऐसपैस वाटणारा बूट महिन्याभराने डगडगतो.

आकडे: वजन ऐकायचं, फ्लेक्सवर फार जायचं नाही

वजन नेहमी एका बुटाचं सांगतात, जोडीचं नाही, आणि तेही मधल्या एखाद्या नंबरचं. शर्यतीचे बूट किलोच्या आत. २०२६ च्या मिलानो-कोर्तिना हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्की माउंटेनियरिंगचा, म्हणजे स्की टूरिंगच्या शर्यतींचा, समावेश झाल्यापासून हे बूट बघून हुरळणारे वाढलेत, पण ते तुमच्या-माझ्यासाठी नाहीत. हलके टूरिंग बूट एक ते सव्वा किलो. मधला गट १.३ ते १.५ किलो. त्यापुढे फ्रीराइडचे, म्हणजे उतरण्यावर भर देणारे, १.९ पर्यंत जाणारे.

हजार मीटरच्या चढाला एक पाय साधारण तीन हजार वेळा पुढे जातो. बूट ३०० ग्रॅमने हलका असेल तर एका पायामागे दिवसाचे ९०० किलो वाचले. हिशेब ढोबळ आहे, कारण स्की बर्फावरून सरकवायची असते, उचलायची नसते. पण टाच दर पावलाला उचलावीच लागते. तिसऱ्या तासाला हा हिशेब मांड्यांना पटतो.

तरीही सर्वांत हलका बूट घेऊ नका. हलका बूट उतारावर चांगला स्कीअर मागतो. खडबडीत, वाऱ्याने कडक झालेल्या बर्फावर तो तुमची चूक सावरत नाही. पहिल्या बुटासाठी १.३ ते १.५ चा गट सर्वांत समंजस, असं माझं ठाम मत आहे. महिन्यातून दोन टूर आणि अधूनमधून पिस्ट असा बेत असेल तर त्यापलीकडे बघायची गरज नाही.

फ्लेक्स म्हणजे बूट पुढे वाकायला किती विरोध करतो त्याचा आकडा: ९०, ११०, १३०. जितका मोठा तितका कडक. पण हा आकडा मोजायचं सर्वांना बांधील असं प्रमाण नाही. एका कंपनीचा १२० दुसरीच्या १०० सारखा असू शकतो. शिवाय दुकानातल्या उबेत प्लॅस्टिक मऊ असतं, शून्याखाली ते ताठरतं. म्हणून आकडा बाजूला ठेवा आणि लिव्हर दाबून पुढे वाका. विरोध हळूहळू वाढत गेला पाहिजे. भिंतीला नडगी आपटल्यासारखा एकदम थांबला तर उतारावरही नडगीच सोसणार. साठ-पासष्ट किलो वजनाच्या नवख्याला १३० चा बूट म्हणजे सायकल शिकायला बुलेट.

हलक्या बुटांचं शेल ग्रिलामिड किंवा पेबॅक्स जातीच्या प्लॅस्टिकचं असतं. पेबॅक्सचा एक प्रकार एरंडेल तेलापासून बनतो, आणि जगात सर्वांत जास्त एरंड पिकतो तो भारतात, मुख्यतः गुजरातेत. म्हणजे आल्प्समधल्या एखाद्याच्या पायात आपल्या शेजारच्या शेतातलं एरंडेल असू शकतं. असो, हे एरंडाचं गुऱ्हाळ इथेच थांबवतो.

बकलं दोन असोत, तीन असोत की चार, त्यावर रात्र जागवू नका. हातमोजे घालून ती उघडता-लावता आली पाहिजेत, आणि लिव्हरसुद्धा.

बाइंडिंगशी कुंडली जुळवा

बाइंडिंग म्हणजे बूट स्कीला अडकवणारी यंत्रणा. इथे चूक झाली तर नुसता फोड येत नाही, गुडघा जातो. बहुतेक टूरिंग स्कीवर पिन बाइंडिंग असतं. १९८० च्या दशकात ऑस्ट्रियातल्या टिरोलच्या फ्रिट्झ बार्टेल यांनी ते शोधलं. अवजड सामान डोंगरावर वाहून नेण्याचा कंटाळा ही त्यामागची प्रेरणा. बुटाच्या टोकाला दोन्ही बाजूंना धातूचे बारीक खळगे, त्यात बाइंडिंगच्या दोन पिना चिमट्यासारख्या बसतात, आणि टाचेत आणखी दोन. हे खळगे नसतील तर तो बूट कितीही चांगला असो, पिन बाइंडिंगला निरुपयोगी.

उलट दिशेनेही बघा. टूरिंग बुटाचा तळ रबरी आणि टोकाला वर वळलेला असतो, त्याचं प्रमाण आयएसओ ९५२३. पिस्टच्या साध्या बुटाचं आयएसओ ५३५५. पहिला तळ दुसऱ्यासाठी बनवलेल्या साध्या बाइंडिंगमध्ये कधी कधी जबरदस्तीने बसतोही, आणि हाच धोका. पडल्यावर ते सुटेलच याची शाश्वती राहत नाही. मधला एक प्रकार आहे ग्रिपवॉक, पिस्टच्या बाइंडिंगांपैकी तो त्याची खूण असलेल्यांतच चालतो. बुटाच्या तळावर आणि बाइंडिंगवर ही खूण छापलेली असते. एकच बूट पिस्टवर आणि टूरवर वापरायचा विचार असेल तर दुकानात शिरताच पहिलं वाक्य हेच बोला आणि शक्य असेल तर स्कीही सोबत न्या.

बूट बदलला आणि तळाच्या लांबीचा तो कोरलेला आकडा बदलला, तर बाइंडिंग पुन्हा जुळवावं लागतं. थोडा फरक असेल तर टाचेचा भाग सरकतो, जास्त असेल तर स्कीला नवी भोकं. हे काम घरी यूट्यूब बघून करू नका.

वसंतात हिमनदीवर जाणार असाल तर क्रॅम्पॉन, म्हणजे बर्फात रुतणारे धातूचे दाते, तेही याच बुटावर चढणार. काही बुटांचं टोक मुद्दाम आखूड केलेलं असतं, त्यांच्यावर पुढे तारेची कडी असलेले क्रॅम्पॉन बसत नाहीत. पहिल्या हंगामात ही वेळ बहुधा येणार नाही.

लायनर भाजून घ्या

भाजून म्हणजे अक्षरशः. टूरिंगचे बहुतेक लायनर गरम करून पायाच्या आकाराचे करता येतात. दुकानदार तुमच्या बोटांवर कापडी टोपी चढवतो, म्हणजे पुढे थोडी जागा राहते. दुखऱ्या हाडावर फोमचा तुकडा चिकटवतो आणि दहाएक मिनिटं तापवलेला लायनर शेलमध्ये घालून तुमचा पाय आत ढकलतो. मग बकलं लावून शांत उभं राहायचं. पाय गरम पोळीवर ठेवल्यासारखं वाटतं, आणि हळूहळू चहूकडून पकड येते. त्या वेळात चुळबुळ केली तर घडी तशीच राहते. मात्र हे शेल बरोबर ठरल्यावरच. चुकीच्या नंबरचं शेल लायनर भाजून सुधारत नाही, आणि भाजलेला बूट दुकान परतही घेत नाही.

सोबत मिळणारी तळपट्टी बहुधा पुठ्ठ्याच्या लायकीची असते. तळव्याच्या कमानीला आधार देणारी पट्टी वेगळी घ्या. बुटावर शेकडो युरो घातल्यावर इथे हात आखडू नका.

जुने बूट

युरोपात नवे बूट साधारण ४०० ते ८०० युरोंना पडतात. मार्च-एप्रिलमध्ये हंगाम सरला की भाव उतरतात, पण तेव्हा आपला नंबर उरलेला नसतो आणि मन "एकच तर नंबर मोठा आहे" म्हणायला लागतं. वर सांगितलेली माझी गोष्ट आठवा. जुने घेताना टोकाचे खळगे झिजून अंडाकृती तर झाले नाहीत ना, लिव्हर दाबल्यावर मागचा भाग खुळखुळतो का, रबर कुठपर्यंत झिजलंय, हे बघा. लायनर दुसऱ्याच्या पायाचा असला तरी चालतो, तो पुन्हा भाजता येतो किंवा बदलता येतो.

गुलमर्गला जाणार असाल तर

पुण्या-मुंबईची बरीच मंडळी पहिली स्की गुलमर्ग, औली किंवा सोलंगला पायात घालतात. गुलमर्गचं गोंडोला दुसऱ्या टप्प्यात अफरवटच्या कड्याजवळ, समुद्रसपाटीपासून ३,९०० मीटरच्या वर नेऊन सोडतं. तिथून थोडंसं चालून बाजूच्या उतारांवर जायला टूरिंगचं सामान लागतं. भाड्याला मिळतात ते बहुतेक साधे पिस्टचे बूट. स्की आणि बाकी सामानाचं तिथे गाइडशी आधी बोलून जमवता येईल, पण बूट मात्र स्वतःचे न्या, आणि विमानात ते चेक-इनला न देता हातातल्या बॅगेत ठेवा. स्की हरवली तर दुसरी मिळते, भाजलेला बूट मिळत नाही. फक्त गाइडला आधी विचारा की स्कीवर बाइंडिंग कुठलं आहे, आणि तुमच्या तळाचा तो मिलिमीटरचा आकडा त्याला कळवून ठेवा.

पहिल्या टूरला

बूट आदल्या रात्री गाडीच्या डिकीत ठेवू नका. गारठलेलं शेल सकाळी उघडतच नाही. टूरवरून आल्यावर लायनर बाहेर काढून वाळवा, पण शेगडीवर किंवा हीटरवर नको, आणि रिकाम्या शेलची बकलं हलकी लावून ठेवा.

चढायला लागताना बकलं सैल, लिव्हर वर. वीस मिनिटांनी थांबा, भले सगळे पुढे जाऊ देत. टाचेला कुठे गरम-गरम लागत असेल तर तिथेच मोजा काढून चिकटपट्टी लावा. फोड आल्यावर लावलेल्या पट्टीचा काही उपयोग नसतो. पिनांत बूट अडकवण्याआधी टोकाच्या खळग्यांतला बर्फ काठीच्या टोकाने खरवडा, नाहीतर पिन अर्धीच बसते आणि दहाव्या पावलाला स्की पायातून निघून दरीकडे पाहायला लागते.

आणि वर पोचलात की चहा, फोटो, स्किन गुंडाळणं या गडबडीत लिव्हर खाली दाबायचा राहतो. माझा आजही राहतो. पहिल्या वळणाला घोटा लापशीसारखा झाला की कळतं, मग उतारावर एका पायावर उभं राहून वाकायचं आणि बाकीची मंडळी हसत खाली निघून जाताना बघायची.